बायोकेमिस्ट्री घ्यावी का, आणि घेतली तर पुढे काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की पालकांचे फोन सुरू होतात, आणि टीवाय संपत आलं की मुलांचे मेसेज. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवली आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तिथे फक्त क्रमांक दिला आहे. पात्रतेचे नियम बदलत राहतात, त्यामुळे अर्ज भरताना त्या वर्षीची जाहिरात किंवा माहितीपत्रक हाच शेवटचा शब्द समजा.

१. बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी आणि बायोटेक्नॉलॉजी यांत फरक काय? वरवर तिन्ही सारखेच वाटतात.

पहिल्या वर्षी वाटतात खरे. दह्यावरून पाहू. विरजणात कोणते जिवाणू आहेत, ते कोणत्या तापमानाला वाढतात, कसे ओळखायचे, हे मायक्रोबायोलॉजी. दुधातल्या लॅक्टोजचं लॅक्टिक आम्ल कोणकोणत्या एन्झाइममधून होतं आणि पीएच ४.६ च्या आसपास आला की केसीन हे दुधातलं प्रथिन का साकळतं, ही बायोकेमिस्ट्री. तेच विरजण हजारो लिटरच्या टाकीत दर वेळी एकसारखं कसं लागेल, किंवा त्यातला जिवाणू बदलून हवं ते काम कसं करून घेता येईल, हा बायोटेकचा प्रांत. रसायनशास्त्र आवडत असेल आणि पेशींची गोडी असेल तर बायोकेमिस्ट्री घ्या. केमिस्ट्रीपासून सुटका हवी म्हणून कुणी इकडे येत असेल तर त्याने येऊ नये.

२. बारावीला गणित नव्हतं. जमेल का?

बी.एस्सी.ला जमतं. लॉगॅरिथम, आलेखाचा उतार, मोलॅरिटी (द्रावणाची तीव्रता) आणि डायल्यूशनची (द्रावण पातळ करण्याची) गणितं एवढ्यावर काम भागतं. अडचण पुढे येते. एम.एस्सी.च्या काही प्रवेश परीक्षांत बारावीच्या पातळीचं गणित आणि भौतिकशास्त्रही विचारतात (प्रश्न ७). ते एसवायच्या सुट्टीत हळूहळू भरून काढा. उलट बाजूने, बारावीला गणित होतं पण बायोलॉजी नव्हतं अशांना काही कॉलेजं घेतात, काही घेत नाहीत. प्रवेशाआधी माहितीपत्रकात पाहा. केमिस्ट्री मात्र लागतेच.

३. नीटमध्ये मार्क कमी पडले. तात्पुरती बायोकेमिस्ट्री घेऊन पुन्हा नीट देऊ का?

दर वर्षी वर्गात असे निदान चार-पाच जण असतात. परीक्षेला बसायला हरकत काहीच नाही. पण प्रॅक्टिकलची हजेरी आणि नीटचा क्लास एकाच वेळी पेलत नाहीत, आणि बहुतेक वेळा बळी प्रॅक्टिकलचा जातो. या विषयात तोच सर्वांत महागात पडतो (प्रश्न ६). पुन्हा द्यायचीच असेल तर एकदाच द्या आणि घरात तसं ठरवून टाका. दुसऱ्या वर्षीही मन तिकडेच राहिलं तर धड हेही होत नाही, धड तेही नाही.

४. मराठी माध्यमातून आले आहे. इंग्रजी पुस्तकं डोक्यावरून जातात. काय करू?

आधी मराठीत समजून घ्या, मग इंग्रजीत लिहा. ऑस्मोसिस, बफर, एन्झाइम हे शब्द तसेच वापरायचे, भोवतालचं वाक्य आपलं. रोज एक उत्तर स्वतःच्या शब्दांत, मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहून काढा. सहसा एका सेमिस्टरमध्ये ही भीती मोडते. गाइडमधली तयार वाक्यं घोकली तर ती कधीच मोडत नाही, कारण तोंडी परीक्षेत प्रश्न जरा फिरवून विचारला की वाक्य तुटतं.

५. सगळे पाथवे पाठ करावे लागतात का?

पाथवे म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रियांच्या साखळ्या. थोडे पाठ करावे लागतात. पण नुसती यादी पाठ केली तर परीक्षा संपली की ती विसरते. प्रत्येक पायरीला विचारा, इथे अडवलं तर काय होईल? ग्लायकोलिसिसच्या, म्हणजे ग्लुकोज फोडण्याच्या, दहा पायऱ्या आहेत. त्यातली नववी इनोलेज हे एन्झाइम करतं आणि फ्लोराइड ते अडवतं. आता पॅथॉलॉजी लॅबमध्ये शुगर तपासायला रक्त राखाडी टोपणाच्या फ्लोराइड बल्बमध्ये का घेतात ते आठवा. साध्या बल्बमध्ये ठेवलेल्या रक्तातल्या पेशी ग्लुकोज खात राहतात आणि दोन-तीन तासांनी शुगर खरी होती त्याहून कमी दिसते. फ्लोराइड ही गळती थांबवतं. लगेच मात्र नाही, पहिला तासभर थोडी घट होतेच, कारण अडवलेली पायरी बरीच खालची आहे आणि वरच्या पायऱ्या काही काळ चालू राहतात. एवढं कळलं की नववी पायरी वेगळी पाठ करावी लागत नाही.

६. इंटरव्ह्यूला नेमकं काय विचारतात? मार्क चांगले असूनही निवड होत नाही.

बहुतेकांना वाटतं पीसीआर, क्रिस्पर असलं काहीतरी विचारतील. विचारतात ते हे: "०.१ मोलर ट्रिस बफर, पीएच ८, १०० मिली. कसं कराल?"

बफर म्हणजे पीएच फार हलू न देणारं द्रावण, आणि ट्रिस हे ते करण्याचं नेहमीचं रसायन. ट्रिसचा रेणुभार १२१.१४. म्हणजे १.२१ ग्रॅम घ्यायचं. इथपर्यंत सगळे बरोबर येतात. पुढे निम्मी मुलं सांगतात, "१०० मिली पाण्यात विरघळवायचं आणि हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच लावायचा." चुकलं. आम्ल टाकलं की आकारमान १०० च्या वर गेलं आणि मोलॅरिटी खाली आली. साधारण ८० मिली पाण्यात विरघळवायचं, पीएच लावायचा, मग व्हॉल्यूमेट्रिक फ्लास्कमध्ये १०० च्या खुणेपर्यंत भरायचं. यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "हेच बफर कोल्ड रूममध्ये नेलं तर?" ट्रिसचा पीएच तापमानाप्रमाणे सरकतो, दर अंशाला साधारण ०.०३. पंचवीस अंशाला ८ लावलेलं बफर चार अंशाला ८.६ च्या आसपास जातं. ज्याने कधी स्वतः पीएच मीटर कॅलिब्रेट केला आहे त्याला हे सांगावं लागत नाही.

दुसरा ठरलेला प्रश्न स्टँडर्ड ग्राफचा, म्हणजे माहीत असलेल्या प्रमाणांच्या रीडिंगवरून काढलेल्या रेघेचा. नमुन्याचं रीडिंग ग्राफच्या सर्वांत वरच्या बिंदूच्याही वर आलं तर रेघ पट्टीने पुढे ओढायची नाही. नमुना डायल्यूट करून पुन्हा वाचायचा आणि उत्तराला डायल्यूशन फॅक्टरने गुणायचं. ब्लँकमध्ये, म्हणजे नमुना नसलेल्या तुलनेच्या नळीत, काय असतं आणि काय नसतं, हेही सांगता आलं पाहिजे.

म्हणून प्रॅक्टिकलला चौघांच्या गटात तुमच्याकडे कायम वही लिहायचं काम येत असेल तर भांडून पिपेट हातात घ्या. मी हे गमतीने म्हणत नाही.

७. एम.एस्सी.साठी कोणत्या परीक्षा द्यायच्या?

आयआयटीत जायचं तर जॅम. तिच्यात बायोकेमिस्ट्री नावाचा पेपर नाही. आपली मुलं बायोटेक्नॉलॉजीचा पेपर देतात, काही केमिस्ट्रीचा. साठ प्रश्न, शंभर गुण, तीन तास. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी पीजी. केंद्राच्या बायोटेक्नॉलॉजी विभागाचं पाठबळ असलेल्या एम.एस्सी. अभ्यासक्रमांसाठी गॅट-बी. टीआयएफआर (मुंबईची संशोधन संस्था) आणि तिच्या बंगळूरच्या एनसीबीएससारख्या केंद्रांतल्या पीएच.डी. आणि इंटिग्रेटेड पीएच.डी.साठी वेगळी परीक्षा असते. पुण्याच्या आयसरमध्येही बी.एस्सी.नंतर इंटिग्रेटेड पीएच.डी.चा मार्ग आहे. राज्यातली विद्यापीठं आपापल्या पद्धतीने प्रवेश देतात. नागपूर विद्यापीठात बायोकेमिस्ट्रीचा स्वतंत्र विभागच आहे, हे पश्चिम महाराष्ट्रातल्या मुलांना अनेकदा माहीत नसतं.

सगळ्या परीक्षांचे फॉर्म भरू नका. फीमध्ये पैसे जातात आणि अभ्यास एकाचाही धड होत नाही. दोन निवडा.

८. तीन वर्षांत बाहेर पडू की चौथं, ऑनर्सचं वर्ष करू?

नोकरी करायची असेल तर तीन पुरे. संशोधनाकडे जायचं असेल आणि कॉलेजात प्रोजेक्टसाठी खरोखर चालती लॅब असेल तर चौथं करा. चार वर्षांच्या पदवीनंतर एम.एस्सी. एका वर्षाची होऊ शकते. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर थेट पीएच.डी.लाही अर्ज करता येतो. पण लॅबला कुलूप आणि प्रोजेक्ट म्हणजे इंटरनेटवरून उतरवलेला रिव्ह्यू, अशी अवस्था असेल तर ते वर्ष दुसऱ्या संस्थेतल्या एम.एस्सी.ला दिलेलं बरं.

९. मेडिकल कॉलेजातली एम.एस्सी. मेडिकल बायोकेमिस्ट्री आणि आपली साधी एम.एस्सी. यांत काय फरक?

मेडिकलची तीन वर्षांची असते, पहिल्या वर्षी ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीही असतं आणि हॉस्पिटलच्या लॅबचा सराव मिळतो. नमुना लालसर दिसला, म्हणजे तांबड्या पेशी फुटल्या, की पोटॅशियम खोटं वाढून येतं आणि असा रिपोर्ट सोडायचा नसतो, हे तिथे पहिल्याच महिन्यात अंगवळणी पडतं. साध्या एम.एस्सी.त एन्झाइमॉलॉजी, मॉलिक्युलर बायोलॉजी आणि प्रोटीन शुद्ध करण्यावर भर असतो.

मेडिकल कॉलेजात शिकवायचं म्हणून ही पदवी घेत असाल तर थांबून विचार करा. बिगर-डॉक्टर शिक्षकांचं प्रमाण किती असावं, याचे नियम गेल्या काही वर्षांत एकापेक्षा जास्त वेळा बदलले आहेत. आजच्या नियमावर वीस वर्षांचं गणित मांडू नका. आणि ही पदवी घेऊन नावापुढे एम.डी. लागत नाही, रुग्ण तपासता येत नाहीत. पालक हे दर वर्षी विचारतात, म्हणून स्पष्ट लिहिलं.

१०. बी.एस्सी.नंतर पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करता येईल का? स्वतःची लॅब टाकता येईल का?

कामाला काही लॅब घेतात, पण तंत्रज्ञाच्या जागेसाठी सहसा डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाची पदविका) किंवा तत्सम पात्रता मागतात. नुसती बायोकेमिस्ट्रीची पदवी त्याला पर्याय ठरत नाही. मोठ्या साखळी लॅबमध्ये एम.एस्सी. झालेल्यांना क्वालिटीच्या कामावर चांगली जागा मिळते. रोज सकाळी कंट्रोल (उत्तर आधीच माहीत असलेले नमुने) लावायचे, त्यांच्या लेव्ही-जेनिंग्जच्या तक्त्यावर रीडिंग दोन एसडीच्या (प्रमाण विचलनाच्या) बाहेर का गेलं ते शोधायचं, लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलच्या ऑडिटची कागदपत्रं ठेवायची. काम किचकट आहे, पण डोकं लागतं.

स्वतःची लॅब स्वतःच्या सहीने चालवता येत नाही. रिपोर्टवर पॅथॉलॉजीतली पदव्युत्तर पदवी असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलं. डॉक्टरची सही विकत घेऊन लॅब चालवणारे दिसतात. त्या वाटेला जाऊ नका.

११. फार्मा कंपनीत कुठे जागा असतात?

क्यूसी (दर्जाची तपासणी), क्यूए (दर्जाची हमी), प्रॉडक्शन, आणि लसी-इन्सुलिन बनवणाऱ्या बायोलॉजिक्सच्या कंपन्या. पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट आणि जेनोवा, मुंबईत हाफकिन ही नावं सर्वांना ठाऊक असतात. क्यूसीला एचपीएलसी, एलायझा आणि एसडीएस-पेज या तपासणीच्या पद्धती हाताखालून गेलेल्या असतील तर फायदा होतो. त्याहून जास्त फायदा नोंदी नीट ठेवण्याच्या सवयीचा. चुकलेला आकडा व्हाइटनरने झाकायचा नाही, एक आडवी रेघ मारून शेजारी सही आणि तारीख टाकायची, हे कॉलेजच्या जर्नलपासूनच करा.

एक बारीक गोष्ट. ॲलोपॅथी औषधांच्या उत्पादनासाठी एफडीएकडून (अन्न व औषध प्रशासनाकडून) 'अप्रूव्हल' असलेली तांत्रिक माणसं लागतात. विज्ञान पदवीधराला ते मिळवायचं तर पदवीला केमिस्ट्री मुख्य विषयांपैकी एक असावी लागते आणि किमान तीन वर्षांचा उत्पादनाचा अनुभव लागतो. म्हणून बायोकेमिस्ट्री मेजर असेल तर मायनर निवडताना केमिस्ट्रीकडे पाठ फिरवू नका, आणि गुणपत्रिकेवर ती कशी छापून येणार आहे ते कॉलेजात विचारून ठेवा.

१२. सरकारी नोकरीत बायोकेमिस्ट्री चालते का?

काही ठिकाणी नावानिशी चालते, काही ठिकाणी अजिबात नाही.

चालते: अन्न सुरक्षा अधिकारी. केंद्राच्या २०११ च्या अन्न सुरक्षा नियमांत पात्र पदव्यांच्या यादीत बायोकेमिस्ट्री स्पष्ट लिहिलेली आहे, आणि गंमत म्हणजे साध्या केमिस्ट्रीवाल्याला तिथे पदव्युत्तर पदवी लागते. फूड ॲनालिस्ट व्हायचं तर बायोकेमिस्ट्रीतली एम.एस्सी., अन्नपदार्थांच्या विश्लेषणाचा तीन वर्षांचा अनुभव आणि त्यावर वेगळी परीक्षा.

चालत नाही: औषध निरीक्षक. तिथे फार्मसीची पदवी, किंवा ठरावीक विशेष विषयांसह वैद्यकीय पदवी लागते. खातं एकच, अन्न व औषध प्रशासन, म्हणून मुलं दोन्हींची तयारी सुरू करतात आणि अर्ज भरायच्या दिवशी कळतं की यातलं एकच आपल्यासाठी आहे.

न्यायवैद्यक प्रयोगशाळांत पदानुसार पात्रता बदलते. 'केमिस्ट्री किंवा बायोकेमिस्ट्री' आणि नुसतं 'केमिस्ट्री' यांत तुमची नोकरी असते, तेवढा शब्द शोधा.

१३. नेट, सेट, गेट: मी कोणती देऊ?

यूजीसी-नेटमध्ये आपला विषय नाही. आपला पेपर सीएसआयआर-नेटचा लाइफ सायन्सेस. एकूण २०० गुण. 'क' भागात ७५ पैकी २५ प्रश्न सोडवायचे, प्रत्येकी चार गुण, चुकलं की एक गुण वजा. तिथे वनस्पतिशास्त्र, पर्यावरण, उत्क्रांती सगळं येतं, पण एवढी निवड असल्यामुळे बायोकेमिस्ट्री, मॉलिक्युलर, सेल बायोलॉजी आणि इम्युनॉलॉजी पक्की असेल तर निभावतं. जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं.

सेट महाराष्ट्र आणि गोवा या दोन राज्यांसाठी पुणे विद्यापीठ घेतं. ती सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठी असते, तिच्यावर फेलोशिप मिळत नाही. गेट देणार असाल तर एक्सएल पेपर पाहा: केमिस्ट्री सक्तीची, आणि उरलेल्यांतले दोन भाग निवडायचे, त्यात बायोकेमिस्ट्री स्वतंत्र आहे.

जेआरएफ थोडक्यात हुकली तरी नेटचे गुण वाया जात नाहीत. २०२४ पासून पीएच.डी. प्रवेशासाठी नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन देण्याची सोय आहे.

१४. बी.एड. करून ज्युनिअर कॉलेजात शिकवता येईल का?

अवघड आहे. राज्य मंडळाच्या बारावीला बायोकेमिस्ट्री हा वेगळा विषय नसतो. जागा निघतात त्या केमिस्ट्री किंवा बायोलॉजीच्या, आणि तिथे एम.एस्सी.चा विषय पाहिला जातो. बी.एड.चे पैसे भरण्याआधी शिक्षण उपसंचालक कार्यालयात लेखी विचारा. सीनियर कॉलेजसाठी प्रश्न १३.

१५. परदेशात एम.एस. करायचं आहे. तीन वर्षांची पदवी चालते का?

देशागणिक आणि विद्यापीठागणिक वेगळं आहे. जर्मनीत बऱ्याच ठिकाणी चालते, मात्र भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणारं एपीएस प्रमाणपत्र आधी काढावं लागतं आणि त्याला वेळ लागतो. अमेरिकेत अनेक विद्यापीठं चार वर्षं मागतात. तिथे एम.एस.साठी कर्ज काढण्याआधी पीएच.डी.ला अर्ज करून पाहा. जीवशास्त्राच्या बहुतेक पीएच.डी.मध्ये फी माफ असते आणि विद्यावेतन मिळतं. त्यासाठी लॅबचा अनुभव आणि तुम्हाला खरोखर ओळखणाऱ्या शिक्षकांची पत्रं लागतात.

१६. क्लिनिकल रिसर्च, बायोइन्फॉर्मॅटिक्सचे डिप्लोमे घ्यावेत का? "शंभर टक्के प्लेसमेंट" लिहिलंय.

तशी हमी छापलेली दिसली की मला आधी शंका येते. फार्माकोव्हिजिलन्स (औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणं), डेटा मॅनेजमेंटसारख्या कामांत फ्रेशरला कंपन्या स्वतः प्रशिक्षण देतात. पहिल्या नोकरीआधी लाखभर रुपये घालू नका. बायोइन्फॉर्मॅटिक्सचं प्राथमिक साहित्य, ब्लास्ट (क्रम जुळवून पाहण्याचं साधन) आणि पीडीबी (प्रोटीनच्या रचनांचा साठा) यांच्यासकट, फुकट उपलब्ध आहे. एक प्रोटीन घेऊन आठवडाभर त्याच्याशी खेळा. आवडलं तर पुढचं बघा.

१७. शिष्यवृत्ती कोणती मिळते?

बारावीत मंडळाच्या वरच्या एक टक्क्यात असाल तर केंद्र सरकारची इन्स्पायर-शी, वर्षाला ८०,००० रुपयांची. तिच्या विषयांच्या यादीत बायोकेमिस्ट्री आणि मायक्रोबायोलॉजी आहेत, बायोटेक्नॉलॉजी नाही. बायोटेकला प्रवेश घेऊन मग ही अट वाचणारी हुशार मुलं पाहिली की हळहळ वाटते. राज्य सरकारच्या योजनांसाठी महाडीबीटी पाहा.

१८. मुलीला संशोधनात जायचंय. घरात म्हणतात, हे आपल्याकडे कोणी केलंय?

केलंय, आणि फार पूर्वी. कमला सोहोनींना बंगळूरच्या आयआयएससीमध्ये सी. व्ही. रामन यांनी आधी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, अटींवर का होईना आत गेल्या. केंब्रिजमध्ये बटाट्याच्या पेशींत सायटोक्रोम सी दाखवून १९३९ मध्ये पीएच.डी. घेतली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतात. पुढे मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये बायोकेमिस्ट्री शिकवली, डाळी आणि नीरा यांच्या पोषणमूल्यांवर काम केलं आणि त्या संस्थेच्या संचालक झाल्या. दुर्गा भागवतांच्या त्या बहीण, हे सांगितलं की घरातली वडीलधारी मंडळी जरा ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

१९. माझ्या पदवीवर "अप्लाइड बायोकेमिस्ट्री" किंवा "लाइफ सायन्सेस" लिहिलंय आणि जाहिरातीत फक्त "बायोकेमिस्ट्री". अर्ज बाद होईल का?

होऊ शकतो. अभ्यासक्रम तोच होता, हे छाननी करणाऱ्याला माहीत असण्याचं कारण नाही, तो फक्त अक्षरं जुळवतो. जाहिरातीत 'किंवा समकक्ष' असेल तर विद्यापीठाकडून समकक्षतेचं पत्र आणि शिक्का असलेला अभ्यासक्रम घ्या. हे पत्र मिळायला आठवडे लागतात, म्हणून निकाल लागल्याबरोबर अर्ज टाका, जाहिरातीची वाट पाहू नका. 'समकक्ष' हा शब्दच नसेल तर शंका निरसनाच्या ईमेलवर विचारा आणि आलेलं उत्तर छापून अर्जासोबत जपून ठेवा. फोनवर कुणी "चालेल, भरा" म्हणालं तर कागदपत्रांच्या पडताळणीला ते कुणी ऐकत नाही.